मोटेची पाणबुडी

“आज परत कूलरमा डोकं घालीसन बठेल शे,” भिंतीपलीकडून अक्का माझ्या आईला सांगत होत्या.

डोकं घालून बसलेले म्हणजे त्यांचे यजमान, आमचे शेजारी नाना. कूलरची टाकी अंगणात भरून, डोक्यावर बादली उपडी धरून, ते गळ्यापर्यंत पाण्यात वाकत आणि बादलीतल्या हवेवर किती वेळ निघतो ते बघत. मे महिन्यात आमची मेहरूणची गल्ली कूलरपुढे बसायची, नाना कूलरमध्ये.

नाना शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. कुठल्याशा जुन्या मासिकात त्यांना एक डच माणूस भेटला. काही शतकांपूर्वी त्याने लाकडी नावेवर तेल पाजलेलं चामडं चढवलं आणि लंडनच्या नदीत ती पाण्याखालून चालवली म्हणे. पुढचं सगळं इंग्रजीत होतं. नानांनी वाचनालयातून जाड पुस्तक आणलं आणि ते वाचून सांगायला मला बोलावलं.

मी इंग्रजी शाळेतली. माझ्या मराठीला कुणी हसेल म्हणून मी गल्लीत फारसं बोलतच नसे. नाना हसत नसत. फक्त एका ठिकाणी थांबवत.

“वल्हवायला किती माणसं होती?”

“बारा.”

“बारा,” ते स्वतःशी परत म्हणत. नावेची लांबी त्यांनी कधी विचारली नाही.

चामडं त्यांनी पहूरहून आणलं. तिकडे विहिरींवर मोटारी आल्या होत्या आणि बैलांनी पाणी उपसायच्या चामड्याच्या मोटा गोठ्यांत टांगून पडल्या होत्या. नानांनी त्या उसवून लाकडी सांगाड्यावर शिवल्या, वर करंजाचं तेल चोपडलं. त्या वासाने गल्लीतल्या मांजरींनी घरं बदलली. एका मोटेची सोंड मात्र त्यांनी तशीच ठेवली. विहिरीवर तिच्यातून पाणी बाहेर पडे; इथे हवा आत येणार होती.

मग ते वल्हवायला माणसं शोधत फिरले. कुणाला लग्न होतं, कुणाची कंबर धरली होती. अक्का म्हणाल्या, “माले पापड कराना शेतस.” शेवटी माणसांच्या जागी रेतीची पोती बसवून नाव मेहरूण तलावात लोटली.

नाव खरंच खाली गेली. बांबूला बांधलेली सोंड तेवढी वर दिसत होती. काठावर उभ्या नानांनी दोन्ही हात वर केले. एवढ्यात बांबू कलला, सोंड पाण्यात वाकली आणि मोटेने जन्मभर केलं तेच केलं. पोटभर पाणी भरून घेतलं.

“नाना, मोट भरली, आता बैल जुंपा,” काठावरून कुणीतरी म्हणालं. सगळा काठ हसला.

दोर लावून नाव ओढून काढली. लोक पांगले. नाना ओल्या चामड्यावरून हात फिरवत बसले होते. नाव का बुडाली ते त्यांना कळलं होतं. सोंडेला आणखी एक बांबू लागणार होता, बस.

“हवेचं जमेल गं,” ते हळूच म्हणाले. “पण त्याने बारा माणसं कशी तयार केली असतील? त्या पुस्तकात कुठेच नाही?”

पुस्तकात नव्हतं. मी चप्पल काढून नावेतल्या बसायच्या ओल्या फळीवर बसून पाहिलं. करकरली, पण टिकली.

“नाना,” मी म्हणाले, “पुढच्या वेळी एक पोतं कमी भरा. मी बसते.”