नाटकाला कात्री कुणी लावली?

मी शमिका, वय सोळा. जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्न आणि पंचक्रोशीतली सर्वश्रेष्ठ गुप्तहेर. दुसरी कोणी नाही, पण त्याने श्रेष्ठत्वाला बाधा येत नाही. माझी नजर घारीची, नाक शिकारी कुत्र्याचं, आणि नम्रता... नम्रतेवर सध्या काम चालू आहे. धाकटी बहीण तनया माझी सहायक. माझ्या प्रत्येक निष्कर्षावर ती "आल्झो...", म्हणजे जर्मनमध्ये 'बरं, तर मग...', म्हणून सुस्कारा सोडते. मी त्याला दाद समजते.

प्रकरण खुनाचं आहे. म्हणजे माझ्या नाटकाच्या खुनाचं. दिवाळीच्या कार्यक्रमात आम्हा मुलांचं नाटक व्हावं, असा ठराव मराठी मंडळापुढे होता. नाटक मी लिहिलं. मुख्य भूमिकाही माझीच आली, हा योगायोग. पण प्रत्येक बैठकीतून ते लंगडत बाहेर येई. पहिल्यांदा भूत गेलं. मग गाणी गेली. मग खलनायक 'थोडा सौम्य' झाला. आणि ठराव तरीही मंजूर नाही. तो बारगळला, तर त्या वेळेत पद्माकरकाका 'गिअरबॉक्स आणि जीवन' यावर बोलणार. दरवर्षी बोलतात. गेल्या वर्षी तिसऱ्या गिअरलाच बाबा घोरायला लागले होते.

खरं मूळ मंडळाच्या घटनेत आहे. ती राजाभाऊंनी लिहिली. ते अमेरिकेत राहून आलेत, म्हणून त्यांनी मंडळाला थेट तिथल्या सिनेटचा साचा बसवला. तिथे प्रत्येक राज्याला दोन मतं, तशी इथे प्रत्येक गावाला दोन. आमच्या कायझर्सलाउटर्नमध्ये मराठी घरं ढीगभर, मतं दोन. पद्माकरकाकांच्या खेड्यात मराठी घर एकच, मतं दोनच: काका आणि नंदिनीकाकू. गावं पाच, मतं दहा, आणि ठरावाला निम्मी पुरत नाहीत, सहा लागतात. त्याआधी ज्याला बोलायचंय तो घसा बसेपर्यंत बोलू शकतो.

"अख्खा देश असा चालतो?" मी राजाभाऊंना विचारलं होतं.

"चालतो म्हणजे," ते म्हणाले, "उभा आहे."

या वेळची बैठक आमच्याच घरी होती. मुलांना आत बंदी. आई आमच्या बाजूची नेता, आणि तिला विचारावं तर उत्तर एकच, "बैठकीतलं बैठकीत." म्हणून मी बैठकीला आलेल्यांच्या दाराबाहेरच्या चपला-बुटांवरून आणि जॅकेटांवरून तपास सुरू केला.

"कात्रीमागे परकी शक्ती आहे," मी म्हणाले. "कपिलदादाच्या जॅकेटमधून कोलोनचं रेल्वे-तिकीट डोकावतंय. तिथलं मंडळ आपल्यावर जळतं."

"त्याची गर्लफ्रेंड राहते तिथे," तनया म्हणाली.

"गेनाऊ, अगदी बरोबर. त्याने सगळ्यांना हेच सांगून ठेवलंय."

"काकांवर संशय नाही तुला?"

"जो उघड विरोध करतो तो गुन्हेगार नसतो. नियम आहे."

"कुणाचा?"

"माझा."

पुढचा संशय राजाभाऊंवर घेणार, तोच नंदिनीकाकू बाहेर आल्या आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकू लागल्या.

"काकू, आत चर्चा चाललीय ना?"

"ह्यांचं भाषण चाललंय. चहा होऊन, पिऊन, कप विसळून होतील." त्यांनी आलं किसायला घेतलं. "तुझ्या आईची मला कमाल वाटते. हे म्हणाले भूत नको, तिने भूत काढलं. हे म्हणाले गाणी फार, तिने गाणी काढली."

"कात्री आईची?"

"ह्यांचं मत मिळावं म्हणून गं. तुमची पाच नक्की आहेत, सहावं हवंय."

"काका देतील?"

"ते कसले देतायत."

मी बंदी मोडून आत घुसले. मागोमाग तनया आणि चहाचा ट्रे घेऊन काकू.

"आई, जो माणूस कधीच मत देणार नाही, त्याच्यासाठी तू माझं नाटक कापत बसलीस?"

"सगळ्यांना बरोबर घेऊन जायचं असतं, शमिका."

"अमेरिकेत एक पक्ष अगदी हेच करतो," राजाभाऊ कौतुकाने म्हणाले.

"आणि?"

"हरतो. पण फार सभ्यपणे."

तेव्हा तनया, जी एरवी पाहुण्यांसमोर मराठीत तोंड उघडत नाही, म्हणाली, "काकूंना विचारलं का?"

आईने आधी काकांकडे पाहिलं.

"पण भावजी नाही म्हणतायत ना," आई म्हणाली. "म्हणजे त्यांच्या घरची दोन्ही मतं..."

"स्वरूपा," काकूंनी ट्रे ठेवला, "तीन बैठका तू ह्यांची मनधरणी करत्येस. मी बाजूलाच बसले होते. मला भूतही चाललं असतं आणि गाणीही."

राजाभाऊंनी घाईघाईने मूळ, न कापलेल्या नाटकावर मतदान पुकारलं. पाच हात वर गेले. सहावा हात काकूंचा, आल्याचा वास येणारा.

"अगं, तू?" काका म्हणाले.

"अहो, गिअरबॉक्स मी रोज घरी ऐकते. सणाला तरी सुट्टी द्या."

सहा विरुद्ध चार. ठराव मंजूर, नाटक कात्री लागण्याआधीचं, अखंड. मी प्रकरण सोडवल्याचं जाहीर केलं. तनयाने "आल्झो..." एवढंच म्हटलं. टाळ्या वाजल्या, कपिलदादाने शिट्टी मारली, आणि त्या गदारोळात आई हळूच वळून विचारत होती,

"भावजी, तुम्हाला चालेल ना पण?"

मी आणि तनयाने तिला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं.