नावं न ठेवता घेतलेली गाडी

जुनी गाडी घ्यायची असेल तर शांत स्वभावाच्या बाईला पुढे करावं. आरडाओरडा नाही, घासाघीस नाही. चेहऱ्यावर नुसतं समाधान ठेवून उभं राहायचं. समोरचा आपोआप विरघळतो आणि भाव खाली येतो! असं माझं अगदी ठाम मत होतं. होतं म्हणजे, गेल्या रविवारी दुपारी चारपर्यंत होतं.

गाडी आम्हाला हौसेसाठी नको होती. सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, "सोमवारपासून आठवड्यातून तीनदा व्यायामाला आणायचं. एकही दिवस चुकला तर काठी जन्माची सोबतीण होईल!" व्यायामाचं केंद्र गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. बसची पायरी सासूबाईंना चढवेना. आणि टॅक्सीवाले त्यांना बसवायला तयार होते, पण त्या उतरेपर्यंत थांबायला तयार नव्हते! तेव्हा आम्ही एक छोटी ठेव मोडली आणि त्यात बसेल अशी गाडी शोधायला लागलो. त्या पैशात गिअरवालीच येत होती, तीही बऱ्यापैकी आयुष्य बघितलेली.

चालवणार मी. माझं लायसन्स लग्नाआधीचं, आणि वापरलेलं नसल्यामुळे अजून कोरं करकरीत! आमचे हे तीनदा परीक्षेला बसले आणि तिन्ही वेळा परीक्षकालाच रस्त्याचे नियम समजावून परत आले. पण गाड्यांचं ज्ञान म्हणाल तर अफाट. महिनाभर मोबाइलवर व्हिडिओ बघून ह्यांनी त्रेचाळीस मुद्द्यांची यादी केली होती, आणि खिशात एक लोहचुंबक ठेवलं होतं.

"चुंबक चिकटलं नाही की समजायचं, रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी भरलीय," हे म्हणाले. "आता डावपेच ऐक. मी गाडीकडे प्रेमाने बघणार. तू दोष काढायचेस. मी वितळणार, तू अडणार. मालक घाबरून भाव उतरवणार!"

"मी दोष काढायचे?" मी हळूच म्हटलं. "दिवसाउजेडी?"

माझं व्रत घरात सगळ्यांना ठाऊक आहे. रोज सकाळी दिवा लावताना मी संकल्प करते: दिवस मावळेपर्यंत कोणाला, कशाला नावं ठेवणार नाही. अकरा वर्षं झाली. मावळतीनंतरची सवलत मी तेव्हाच ठेवून घेतली होती, कारण घरात माणसं आहेत. खोटं मात्र चोवीस तास वर्ज्य.

"अगं, ते माणसांसाठी!" हे म्हणाले. "‘कोणाला’मध्ये गाडी येत नाही."

"पण ‘कशाला’मध्ये येते ना."

"तो ‘कशाला’ कशाला घातलास?"

"तेव्हा उत्साह होता हो."

सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "अकरा वर्षांत मला वाटलं नव्हतं, ही बाई एका शब्दापायी मला जन्मभर लंगडत ठेवेल!"

शेवटी असं ठरलं की मी नुसती गप्प राहायचं. गप्प राहण्यात मी पटाईत आहेच. सासूबाईंनाही बरोबर घेतलं, कारण मागच्या सीटवर त्यांना बसता येतंय की नाही हेच तर बघायचं होतं.

गाडी होती एका म्हाताऱ्या घड्याळजीची. दुकान बंद करून काका घरी बसले होते आणि गाडी आता फक्त धुण्यापुरती छपराखालून बाहेर निघत होती. छपराखाली काकूंना शिवणाचं मशीन मांडायचं होतं, म्हणून जाहिरात काकूंनी दिली होती! काका दारात उभे होते ते लेकीला सासरी पाठवायला निघाल्यासारखे.

"तेरा जण येऊन गेले," काका म्हणाले. "सगळ्यांनी नावं ठेवली. बघा, तुम्हीही ठेवा."

सासूबाईंनी मागचं दार उघडलं, पाठ वळवली आणि अलगद आत बसल्या. न वाकता! न कण्हता! ऑपरेशननंतर पहिल्यांदा त्यांच्या तोंडून "आई गं" निघालं नाही. आतून म्हणाल्या, "मी आता उतरत नाही. काय ते बोलणं उरका."

म्हणजे हीच गाडी घ्यायची होती. फक्त काकांचा आकडा आणि आमची ठेव यांच्यात बरंच अंतर होतं, आणि ते अंतर दोष काढून भरायचं होतं.

मी गाडी चालवायला घेतली. शेजारी काका, मागे सासूबाई आणि हे. किल्ली फिरवली, पहिला गिअर टाकला आणि गाडीने असा गचका दिला की ह्यांची यादी खिडकीतून बाहेर जाता जाता राहिली! हे मागून मला कोपराने ढोसू लागले. बोल, बोल! काकांनी पडेल आवाजात विचारलं, "कशी वाटते ताई?"

थेट प्रश्न! गप्प राहणं उद्धटपणाचं झालं असतं. खोटं बोलता येत नव्हतं, नावं ठेवता येत नव्हती. मी खरं आणि चांगलं असं काहीतरी शोधलं.

"उत्साही आहे हो," मी म्हटलं. "निघायचं म्हटलं की थांबवत नाही तिला."

काकांनी चमकून माझ्याकडे बघितलं.

हॉर्न दाबला. आत कुठेतरी मांजरीचं पिल्लू कुरकुरावं तसा आवाज आला. "किती सौम्य," मी म्हटलं. "कोणी दचकायचं नाही." डाव्या बाजूची काच खाली जाईना. "आईंना वारा बाधतो, बरंच झालं." रेडिओवर एकच केंद्र लागत होतं. "मन इकडेतिकडे जात नाही!" परत आल्यावर ह्यांनी चुंबक काढून दाराला लावलं. ते टप्पकन ह्यांच्या पायावर पडलं. हे विजयी मुद्रेने माझ्याकडे बघत राहिले. मी दारावरून हात फिरवला. "गुळगुळीत आहे ना हो अगदी?"

ह्यांचा चेहरा असा झाला, जसं ते चुंबक पुन्हा पायावर पडलंय.

आणि काका? काकांचे डोळे भरून आले होते. त्यांनी रुमाल काढला, डोळे पुसले आणि त्याच रुमालाने गाडीचा आरसाही पुसला.

"उत्साही!" ते म्हणाले. "एकवीस वर्षं चालवली, पण मला हा शब्द सुचला नाही. अशी गाडी मी विकायला निघालो होतो! माफ करा ताई, गाडी विकायची नाही."

"काय?" काकू आतून धावत आल्या. "विकायची नाही म्हणजे?"

"अहो, आम्हाला भाव मान्य आहे, थोडा कमी करून..." हे घाईघाईने म्हणाले.

"आई, उतरा," मी हळूच म्हटलं.

"मी नाही उतरत!" सासूबाईंनी आतून दाराची कडी पकडली. "उद्या अकरा वाजता माझा व्यायाम आहे!"

कसंबसं सगळ्यांना काकूंनी घरात नेलं आणि चहा दिला. एक घोट घेतला आणि माझ्या लक्षात आलं की साखर आणि मीठ ही दोन भांडी काकूंच्या स्वयंपाकघरात शेजारी शेजारी असावीत.

"कसा झालाय चहा?" काकूंनी विचारलं.

"गरम आहे," मी म्हटलं.

"आणि साखर?"

"कप फार सुरेख आहे हो."

काकूंनी स्वतः घोट घेतला आणि त्यांचे डोळे बारीक झाले. "अगं, मिठाचा चहा पिऊन वर कपाचं कौतुक? हा काय प्रकार आहे?"

तेव्हा सासूबाईंनी व्रताची सगळी हकिगत सांगून टाकली. ‘कशाला’सकट, मोडलेल्या ठेवीसकट!

काकूंनी ताडकन टाळी वाजवली. "बघा!" त्या काकांना म्हणाल्या. "ती उत्साही म्हणाली ती व्रतापायी! मनातलं वेगळंच आहे. ही खोटं बोलत नाही ना? मग व्रत सुटल्यावर हिला विचारू. हिने गाडीला नावं ठेवली तर विकायची. नाही ठेवली तर माझं मशीन आहे तिथेच राहील!"

"नाही ठेवणार ती," काका अभिमानाने म्हणाले. "पैज!"

"दिवस किती वाजता मावळतो?" ह्यांनी विचारलं.

पेपरात होतं, सहा बेचाळीस. तेव्हा वाजले होते... ते मात्र सांगणं कठीण होतं. कारण त्या खोलीच्या भिंतीवर सतरा घड्याळं होती आणि त्यांची सतरा मतं होती! गिऱ्हाइकांनी दुरुस्तीला टाकली, न्यायला कोणी आलंच नाही, असं काका म्हणाले.

बाकीची चार माणसं ओळीने खुर्च्यांवर बसली. बागेतला कार्यक्रम सुरू होण्याची वाट बघावी तशी. पहिल्या खुर्चीवर हे, मग सासूबाई, मग काका, मग काकू. समोर एका स्टुलावर मी! मी जपमाळ काढली. चालू होती तेवढी घड्याळं टिकटिकत होती. दर पाच मिनिटांनी हे म्हणत, "त्या कोपऱ्यातल्याप्रमाणे झाले पावणेसात!"

"ते बंद आहे," काका म्हणत.

"मग ते लंबकवालं?"

"ते उद्याचं आहे."

मोबाइलप्रमाणे सव्वासहाला सासूबाई म्हणाल्या, "जरा ढग आलेत. ढगात गेलेला सूर्य मावळलेला धरत नाहीत का गं?" साडेसहाला ह्यांनी पडदे ओढून खोलीत अंधार करून बघितला. सहा चाळीसला मी स्वतः गच्चीवर गेले. समोरच्या इमारतीच्या टाकीमागे सूर्य अडकून बसला होता, खाली उतरायला नाखूष असलेल्या सासूबाईंसारखा! शेवटी एकदाचा गेला. मी हात जोडले, खाली आले आणि स्टुलावर बसले.

"बोल!" चौघेही एकदम म्हणाले.

मी तोंड उघडलं, पण शब्दच येईना. अकरा वर्षांत संध्याकाळची सवलत मी कधी वापरली नव्हती. संध्याकाळी इतकी दमलेली असते की कोणाला नावं ठेवायची हेही आठवत नाही.

"हॉर्न..." मी म्हटलं, "जरा हळू वाजतो."

"झालं?" काकांचा चेहरा उजळला.

"आणि काच अडकते. दाराला लांबी भरलीय. आणि तो गचका! गचका म्हणजे गाडीचा मोठाच दोष हो. मान मोडते माणसाची. मुळात या गाडीला सरळ निघणं ठाऊकच नाही!"

काय सांगू! बांधाला एक छोटं भोक पडावं आणि मग सगळं पाणी भसाभस बाहेर यावं तसं झालं. गाडी संपली तरी मी थांबेना!

"आणि मागून कोपराने ढोसणारी माणसं असली की आणखी त्रास. तीनदा नापास झालेल्या माणसाने त्रेचाळीस मुद्दे काढायचे आणि चालवणारीने ऐकायचं! रात्री घोरताना ह्यांचा आवाज त्या हॉर्नसारखा असता तर काय बिघडलं असतं?" हे खुर्चीत खाली खाली सरकत गेले. माझी नजर पुढच्या खुर्चीवर गेली. "आणि आई, वळण गेल्यावर ‘आता डावीकडे वळ’ सांगायचं नसतं! मी केलेली भाजी ‘आजारी माणसाला चालेल’ म्हणून हिणवायची आणि तीन वेळा घ्यायची! अकरा वर्षं!"

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. माझी नजर आणखी एक खुर्ची पुढे सरकली.

"आणि काका, तुम्ही..."

"दिली!" काका ताडकन उभे राहिले. "गाडी दिली! तुमच्या ठेवीत बसेल त्या भावात दिली! ही घ्या किल्ली!"

गाडी आमची झाली! परत येताना ह्यांनी मुद्दाम माझ्या बाजूला मान वळवली नाही आणि सासूबाई वळणाआधीच "डावीकडे" म्हणाल्या. मला फार ओशाळल्यासारखं झालं. पण सोमवारी व्यायामाला वेळेवर पोचायचं होतं, आणि तेवढं तरी साधलं होतं.

सोमवारी सकाळी गचका काढून घ्यायला मी ह्यांना आणि सासूबाईंना घेऊन गाडी कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे नेली. त्याने गल्लीला एक चक्कर मारली. गाडी अशी निघाली, जसं ताजं लोणी पोळीवरून सरकावं!

"गचका कुठाय ताई?"

मी बसून दाखवला. मागे बसलेल्या ह्यांच्या हातातला चहा सांडला.

"हां," मिस्त्री म्हणाला, "हा गाडीचा नाही. हा तुमचा. क्लच असा सोडताय जसं काही विंचू चावलाय!"

म्हणजे मी काकांच्या देखत निष्पाप गाडीवर खोटा आळ घेतला होता! व्रत सायंकाळी सुटतं. खऱ्याचं थोडंच सुटतं? आणि त्याच खोट्यावर भाव उतरवून घेतला होता.

"मी काकांना सांगून येते," मी म्हटलं.

"अगं, गाडी परत मागतील ते!" हे केविलवाणे झाले. "आईच्या पायाचं काय?"

सासूबाईंनी मागच्या सीटवर आपली पिशवी ठेवली. "जरूर सांग. खरं ते सांगायलाच हवं," त्या म्हणाल्या. "पण आधी मला व्यायामाला सोड, तासभर थांब, आणि मग जा!"

दुपारी काकांच्या दारात मी हात जोडून उभी राहिले आणि सगळं सांगितलं. गाडीत दोष नाही, दोष माझ्या पायात आहे. उरलेले पैसे हप्त्याने देते, नाही तर गाडी परत घ्या.

काका हसायला लागले. "ताई, एकवीस वर्षं चालवलीय मी. गचका कोणाचा आहे ते मला पहिल्या वळणालाच कळलं होतं."

"मग भाव का उतरवलात?"

काकांनी आवाज खाली आणला. "गाडीसाठी नाही हो. तुम्ही तुमच्या ह्यांचं संपवलंत, सासूबाईंचं संपवलंत, आणि पुढची खुर्ची माझी होती."

छपराखालून येणारा शिवणाच्या मशीनचा आवाज एकदम थांबला.

"आणि काय घाई होती तुम्हाला?" काकू ओरडल्या. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी ह्यांना बोलणार होतं! मी खुर्ची पुढे ओढून बसले होते!"

मी काकूंकडे बघितलं. त्यांनी आधी माझ्याकडे, मग छपराबाहेरच्या उन्हाकडे बघितलं आणि मला खुर्ची दिली. "बस गं," त्या म्हणाल्या. "चहा टाकते. या वेळी साखर चाखून घालते. संध्याकाळपर्यंत थांबशील ना?"

मी थांबले नाही हो. पण खोटं कशाला बोलू? मोह झाला म्हणून हातातली पिशवी मात्र एकदा खाली ठेवली होती.