दारातला रखमाजी

एका जंगलात, कुठल्या ते विचारू नका, सगळी जंगलं सारखीच असतात, टेकडीच्या पोटात एक मोठं बीळ होतं. त्यात चार बिऱ्हाडं एकत्र राहत.

बीळ खोदलं कुणी, कुणास ठाऊक. राहणारे मात्र हक्कानं राहत. डाव्या अंगाला भागाबाई घोरपड. तिच्यासमोर तानी सशीण आणि तिची पोरं. मागच्या कोपऱ्यात धोंडू उंदीर. मधोमध एक गोल खोली होती. उबदार, वाऱ्याचं नाव नाही. ती सगळ्यांची होती, म्हणून सगळ्यांनी तिच्यात आपापली अडगळ कोंबून ठेवली होती.

आणि दारात रखमाजी साळिंदर.

बिळाची एक रीत होती. जो सगळ्यात शेवटी राहायला येईल त्यानं दारात झोपायचं. पुढचा आला की यानं आत सरकायचं. रीत काही वाईट नव्हती. फक्त रखमाजीनंतर पुढचा कुणी आलाच नाही. मिशा पांढऱ्या झाल्या तरी गडी बिळात नवाच राहिला. तानीची पोरं त्याच्या नंतरची; पण रीत राहायला आलेल्यांची. जन्मलेले धरत नाहीत.

रखमाजी तोंड आत आणि पाठ बाहेर करून झोपायचा. वारा नेमका कमरेत शिरायचा. थंडीच्या दिवसांत ती कंबर अशी धरायची, की उठता उठता तो अख्ख्या बिळाच्या आईबापाचा उद्धार करायचा. त्याची एकच इच्छा होती. मरायच्या आधी त्या मधल्या खोलीत झोपायला मिळावं. बस.

पण म्हाताऱ्याच्या कमरेची काळजी कुणाला! उलट त्याच्याच नावानं खडे फोडत.

"काका, सरका. पोरांना बाहेर न्यायचंय," तानी म्हणायची.

"आत्ताच तर आत आलीस."

"आता बाहेर जायचंय."

"मग एकदाच काय ते ठरवा ना!"

तो सरकायचा. सरकताना कुणाला तरी काटा लागायचा. मग भागाबाई आतून ओरडायची, "मेल्या, तुझे काटे की काय ते! दार आहे का सूळ आहे?"

असं सगळं छान चाललं होतं, बाळांनो. आणि मग बगळा आला.

पांढराशुभ्र बगळा. एका पायावर उभा.

"याचा दुसरा पाय कुठाय?" तानीच्या धाकट्यानं विचारलं.

"विचार करताना मी तो वर घेतो," बगळा म्हणाला. "मी एकत्र राहणाऱ्यांच्या घरांवर संशोधन करतो. सहभागी संशोधन. म्हणजे संशोधन माझं नाही, तुमचं. तुम्हीच संशोधक."

"आम्ही? आम्ही काय करायचं?" रखमाजीनं विचारलं.

"तुम्ही सांगायचं."

"आणि तुम्ही?"

"मी ऐकायचं."

"मग तुमचं पोट कशावर चालतं?"

"ऐकण्यावरच," बगळा म्हणाला.

रखमाजीला हे काम आवडलं. जन्मात त्याचं कुणी ऐकलं नव्हतं. म्हणाला, आपण भाग घेणार. बाकीच्यांनाही वाटलं, फुकटात गाऱ्हाणी सांगायला मिळतात, कशाला सोडा!

बगळ्यानं चोचीनं धुळीत बिळाचा नकाशा काढला. दार, खोल्या, कोपरा, सगळं. मग प्रत्येकाला मूठ मूठ चिंचोके दिले. "जिथं जास्त त्रास होतो तिथं जास्त चिंचोके ठेवा. मनातलं ठेवा. कुणाला भिऊ नका."

तानीनं सगळे चिंचोके दारावर ठेवले. जाता-येता अडवणूक. भागाबाईनंही दारावर ठेवले. काटे. धोंडूनं थोडे दारावर ठेवले आणि उरलेले खाल्ले.

"हे कसं धरायचं?" भागाबाईनं विचारलं.

"ती त्याची मत मांडायची पद्धत आहे," बगळा म्हणाला. "आपण तिचा आदर करू."

शेवटी रखमाजी पुढं आला. दारात त्याच्याइतका त्रास कुणाला होता? त्यानंही आपले सगळे चिंचोके दारावर ओतले.

बगळ्याचा वर घेतलेला पाय आनंदानं खाली आला. "एकमत! अहो, भावाभावात असं एकमत होत नाही!"

निष्कर्ष तिथल्या तिथं निघाला. रखमाजीला मधली खोली द्यावी. दार मोकळं ठेवावं.

रखमाजीनं तोंड उघडलं. त्याला विचारायचं होतं, मग दारात कोण झोपणार? पण तेवढ्यात ती गोल खोली त्याच्या डोळ्यांपुढं आली. त्यानं तोंड मिटलं. बाळांनो, कमरेला ऊब मिळणार असली की शहाण्यासुरत्याचंही तोंड असं मिटतं.

बगळा कामात चोख होता. नुसतं राहणाऱ्यांना विचारून भागत नाही, आसपासच्यांचंही मत घ्यावं लागतं, असं तो मानायचा. म्हणून तो ओढ्यापलीकडं तरसाकडे गेला.

तरस फार आपुलकीनं बोललं. दार मोकळं ठेवायला त्याचा भरघोस पाठिंबा होता. पोरं किती, कुठल्या बाजूला झोपतात, अंगानं बरी आहेत ना, हेही त्यानं आपणहून विचारलं. बगळ्याला भरून आलं. शेजाऱ्यांची एवढी विचारपूस हल्ली करतं कोण?

हे त्यानं बिळात मात्र कुणाला सांगितलं नाही. उत्तर देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवायचं, असा त्यांच्यात नियम असतो.

दुसऱ्या दिवशी मधली खोली रिकामी केली. सुकलेली मुळं कुणाची, जुनी कात कुणाची, यावरून दिवसभर भांडणं झाली. भागाबाई कातीला हात लावू देईना. "माझ्या तरुणपणची आहे ती!" म्हणाली. अखेर दिवस कलता कलता खोली मोकळी झाली आणि रखमाजी आत शिरला.

नाक दाराकडं करून तो आडवा झाला. वारा नाही. कुणी 'सरका' म्हणत नाही. त्याची कंबर सैल पडत गेली आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. धूळ गेली असं म्हणत त्यानं ते पुसलं आणि लगेच घोरायला लागला.

सूर्य टेकडीआड गेला. ओढ्यापलीकडून तरस आलं. त्यानं दारात वाकून पाहिलं. आत मुंडकं घातलं. मग खांदे घातले.

तानीला वास आला. ती किंचाळलीच. पोरांना ढकलत ती मधल्या खोलीत घुसली. मागोमाग भागाबाई. तिच्या शेपटीखालून धोंडू. सगळे जाऊन रखमाजीच्या पाठीमागं दडले. रखमाजीनं डोळे उघडले, तर समोर बोळातून सरपटत येणारं तरसाचं तोंड. याचे काटे मागं आणि नाक पुढं.

"काका, फिरा!" तानी ओरडली.

"फिरू कसा? तुम्ही सगळे चिकटून बसलाय. काटे लागतील."

"लागू देत!"

"काल तर चिंचोके ठेवत होतीस..."

"कालचं काल गेलं! फिरा म्हणते ना!"

आता खरं सांगायचं तर रखमाजी भ्यालेला होता. इतकी वर्षं दारात झोपून त्यानं एकही पराक्रम केला नव्हता. नुसता घोरला होता. बाहेरचे लांबूनच काटे बघून परत जात, हे ना त्याला माहीत, ना बिळाला.

तरसानं नाक पुढं केलं. धाकटं पोर रखमाजीच्या शेपटीखाली थरथरत होतं.

रखमाजी फिरला. गच्च भरलेल्या गोल खोलीत एक अख्खं साळिंदर फिरलं म्हणजे काय होतं, ते तुम्हीच बघा डोळ्यांपुढं आणून. भागाबाईला पाठीत लागलं, तानीला कानात, धोंडूला जिथं लागलं ते लहान मुलांना सांगत नाहीत. सगळे कळवळले. पण एकानंही 'मेल्या' म्हटलं नाही.

मग काटे फुलवून रखमाजी उलट्या पावली बोळात निघाला. थेट तरसाच्या नाकावर.

तरस हसतं म्हणतात. त्या संध्याकाळी हसलं नाही. बोंबलत मागं सरकलं आणि ओढ्यात जाऊन नाक बुडवून बसलं.

रखमाजी दारात उभा राहिला. वारा लगेच कमरेत शिरला. आत सगळे आपापले काटे उपटत होते. 'काका, दारातच झोपा' हे सगळ्यांच्या ओठांवर होतं. म्हणायची लाज वाटत होती.

"मी आत चाललो," रखमाजी गुरकावला. "खोली माझी आहे. एकमतानं मिळालीय."

कुणी अडवलं नाही. तो आत जाऊन पडला. ऊब तशीच होती. झोप मात्र येईना. समोर तानीची पोरं त्या उघड्या दाराकडं टक लावून बसली होती. डोळा मिटायला एक तयार नाही.

"ह्या रीतीच्या आयला!" असं म्हणत तो उठला, दारात गेला आणि बाहेर पाठ करून पडला.

थोड्या वेळानं तानी आली. तिनं एकेक पोर उचलून त्याच्या पोटाशी लावलं.

"हे काय?"

"पोटाला काटे नसतात ना तुमच्या?"

"कंबर दुखते माझी. पोटाला ऊब घेऊन काय करू?"

"झोपून बघा," तानी म्हणाली.

त्यानं झोपून बघितलं. ऊब हळूहळू पोटातून कमरेपर्यंत पोचली. पण बरं वाटलं असं म्हणायला त्याची जीभ काही वळली नाही.

सकाळी बगळा परिणाम बघायला आला. सगळे ओरबाडलेले. धोंडूला बसता येईना. म्हातारा पुन्हा दारात.

"काय झालं?" त्यानं पाय वर घेत विचारलं. "मोकळं सांगा."

सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं.

"काही नाही. सगळं छान आहे," भागाबाई म्हणाली.

"काही तक्रार?"

"आमची? छे!"

"पण म्हातारबाबा दारात कसे?"

"हवा चांगली लागते," रखमाजी म्हणाला.

बगळ्याचा चेहरा पडला. तक्रारच नाही तर संशोधन कशाचं करायचं? चिंचोके गोळा करून तो तळ्यावर गेला, बेडकांच्या एकत्र राहण्याचा अभ्यास करायला. बेडकांनी म्हणे अगदी जीव ओतून भाग घेतला. आता त्या तळ्यावर कसलीच कुरबूर ऐकू येत नाही.

बगळा दिसेनासा झाला तसा रखमाजी तानीकडं वळला.

"तुझी पोरं झोपेत लाथा मारतात. छातीचं खोकं केलं माझ्या."

"आणि तुमच्या तोंडाला वास येतो. त्या बगळ्याला सांगितलं का मी?"

"सांगायचं होतंस!"

"सांगितलं असतं, तर आज पोरं कुणाच्या पोटाशी झोपली असती?"

रखमाजीनं मिशा फेंदारल्या. मग काहीतरी पुटपुटत तो धाकट्याला लाथा मारायला नीट जागा व्हावी म्हणून थोडा कुशीवर झाला.

तात्पर्य : एकत्र राहणाऱ्यांनी एकमेकांविरुद्ध रोज, मनसोक्त तक्रार करावी. मात्र ती दूर करायला कुणी आलंच, तर सगळे मिळून धडधडीत खोटं बोलावं.