हॉलमध्ये वाजतंय

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, आपला जुना अँप्लिफायर आणि ते दोन भलेमोठे स्पीकर आम्हाला द्यायचं काढलं, तेव्हा मी "कशाला, राहू द्या की तुमच्याकडेच" एवढं म्हटलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण सासरकडून काही मिळत असलं की "नको" हा शब्द माझ्या तोंडून वेळेवर बाहेर पडत नाही. (लग्नाच्या वेळीही पडला नव्हता. हे बायकोला वाचून दाखवताना गाळायचं आहे.)

अण्णा रेडिओ केंद्रात ध्वनिमुद्रणाचं काम करून निवृत्त झाले. कान इतका तयार, की फोनवर आम्ही "सगळं मजेत" म्हटलं तर ते विचारतात, "भांडण कशावरून झालं?" आता ते आणि सासूबाई लहान घरात राहायला गेले होते. तिथे स्पीकर आत घेतले असते तर सासूबाईंना बाहेर काढावं लागलं असतं. अण्णांनी या पर्यायावर विचार केला असावा असा सासूबाईंचा संशय आहे.

देताना अण्णांनी स्पष्ट सांगितलं, "जावईबापू, एका रविवारी येऊन ऐकीन. सिस्टिम नीट वाजली तर तुमची. नाहीतर थोरल्या जावयांकडे देऊ. त्यांचा हॉल मोठा आहे."

हे थोरले जावई म्हणजे माझे साडू. जगातल्या प्रत्येक वस्तूचं वरचं मॉडेल त्यांना ठाऊक असतं. मी साधी छत्री घेतली तरी ती उघडायच्या आत म्हणतात, "हिच्या वरची घ्यायला हवी होती." त्यामुळे "त्यांचा हॉल मोठा आहे" हे वाक्य माझ्या मनात फार खोल जाऊन रुतलं. मी ठरवून टाकलं. सिस्टिम इथेच राहणार.

अडचण एवढीच होती, की सिस्टिमला वाजवायला काहीतरी लागतं. अण्णांचा कॅसेट डेक टेम्पोतून उतरवतानाच निवर्तला. (मी उतरवत होतो.) आमच्या कॉलेजात जाणाऱ्या कन्येने फोनमधून मान वर न काढता तोडगा सांगितला. "बाबा, स्ट्रीमर घ्या. छोटी डबी असते. इंटरनेटवरून गाणं घेते आणि अँप्लिफायरला देते."

"मग फोनलाच वायर लावा की," बायको म्हणाली.

"फोनचा आवाज पातळ असतो," मी म्हणालो. हे मी त्याच सकाळी वाचलं होतं.

"पातळ असतो? मग थोडा आटवून घ्या."

मी दुर्लक्ष केलं. मी ऑफिसात खरेदी विभागात कारकून आहे. तीन कोटेशनं मागवल्याशिवाय मी टाचण्यासुद्धा घेत नाही. परवडणारा स्ट्रीमर शोधायचं काम मी त्याच शिस्तीने सुरू केलं. जेवताना वाचत होतो, बसमध्ये वाचत होतो, ऑफिसात तर वाचतच होतो. एकाने लिहिलं होतं, या स्ट्रीमरचा आवाज उबदार आहे. दुसरा म्हणे हवेशीर आहे. तिसरा मखमली. आपण स्ट्रीमर घेतोय की अंथरूण, हेच मला कळेना.

साडूंना विचारायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून त्यांचाच फोन आला. त्यांनी एका स्ट्रीमरचं नाव सांगितलं. किंमत बघून मला वाटलं, त्यासोबत गाणारी माणसंही घरी येत असतील.

"याच्या खालचा घेऊ नका हं," साडू म्हणाले. "घ्यायचा तर हा घ्या, नाहीतर घेऊच नका."

मी त्याच्या बराच खालचा घ्यायला दुकानात गेलो. तिथला विक्रेता अतिशय गंभीर होता. आवाजही डॉक्टरांसारखा खाली.

"तुमची रूम कशी आहे?" त्याने विचारलं.

"भाड्याची."

"तसं नाही. आवाज घुमू नये म्हणून ट्रीटेड आहे का?"

"गेल्या वर्षी रंग दिलाय."

त्याने लगेच सगळ्यात खालच्या फळीवरची एक काळी डबी काढून माझ्या हातात ठेवली. एवढ्या चटकन मला आजवर कुणी ओळखलेलं नाही.

डबी सुंदर होती. साबणाच्या वडीएवढी. तिला एक हिरवा दिवा होता. "द्या, मी लावून देते," असं कन्या म्हणाली, पण बापाला काहीच येत नाही असा तिचा समज होत चाललेला मला दिसत होता. मी दार लावून घेतलं आणि एकट्याने सगळं जोडलं. ॲपने विचारलं, कोणत्या वायफायला जोडू? आमचं नाव यादीत खाली होतं आणि त्याच्यापुढे एकच केविलवाणी काडी होती. वरच्या एका नावापुढे काड्या भरभरून होत्या. ते दाबलं. पासवर्ड फोनमध्ये आधीच होता. जोडलं गेलं! मग ॲपने विचारलं, खोलीचं नाव काय ठेवू? मी "हॉल" दाबलं. (सर्जनशीलता हा माझा प्रांत नाही.) गाणं लावलं, आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला. बायकोसुद्धा ओले हात घेऊन दारात येऊन उभी राहिली. "चांगलं वाजतंय हो," ती म्हणाली. आमच्या संसारात हे वाक्य दुर्मीळ आहे.

रविवारी अण्णा, सासूबाई आणि साडू आले. मेव्हणी नर्स आहे, तिची ड्यूटी होती. आवाज मोकळा व्हावा म्हणून मी हॉलमधलं टेबल, कपाट आणि दोन खुर्च्या आतल्या खोलीत नेऊन टाकल्या होत्या आणि खाली जाड सतरंजी अंथरली होती.

"हॉल इतका रिकामा का केलात?" सासूबाईंनी विचारलं.

"जागा लागणार आहे ना," मी गूढ हसून म्हणालो.

साडू डबीपुढे वाकले. तिला खालून, वरून, मागून पाहिलं. "याच्या वरचं मॉडेल नव्हतं का?"

बायकोने चहा आणला. स्वतः मात्र घेतला नाही. "सकाळपासून मळमळतंय," ती म्हणाली. आदल्या रात्रीचं जेवण तिला बाधलं होतं. (मी केलं होतं.) पोटावर हात धरून ती स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी राहिली.

अण्णा सतरंजीवर मांडी घालून बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "लावा."

मी लावलं. सतारीचे चार-सहा सूर असे काही आले, की अण्णांची मान आपोआप डोलली. मी साडूंकडे विजयी नजर टाकली. आणि तेवढ्यात सतार बंद पडली आणि एका बाईचा अतिशय गोड आवाज आला, "नमस्कार. आता डोळे मिटा. खांदे सैल सोडा."

मी फोनवर धडाधड बटणं दाबली. काही होईना. अण्णांनी मात्र खांदे सैल सोडले होते.

"हे काय?" मी पुटपुटलो.

"कॅलिब्रेशन," साडू म्हणाले. माहीत नाही असं म्हणणं त्यांच्या प्रकृतीला मानवत नाही. "ऐकणाऱ्याला आधी तयार करतात. माझ्या वरच्या मॉडेलला असतं. पण या डबीत? कमाल आहे!"

साडूंनी माझ्या वस्तूला कमाल म्हणण्याची ही पहिली वेळ. मी फोन खिशात ठेवला आणि हे मला माहीतच होतं असा चेहरा केला.

"आता सावकाश डाव्या कुशीवर आडव्या व्हा," बाई म्हणाल्या.

"आडव्या?" मी विचारलं.

"भाषांतर मशीनचं आहे. मशीनला बाई-पुरुष कळत नाही," साडू म्हणाले आणि डाव्या कुशीवर आडवे झाले. अण्णा त्यांच्या आधीच झाले होते. सासरे आडवे झाल्यावर जावयाने उभं राहणं बरं दिसत नाही, म्हणून मीही झालो. सासूबाई गुडघ्यांमुळे सोफ्यावरच राहिल्या, पण त्यांनीही मान डावीकडे कलती केली.

"बाईचा 'स' किती स्वच्छ येतोय," अण्णा डोळे मिटूनच म्हणाले. "शिट्टी नाही मारत. शाब्बास जावईबापू."

शाब्बास! मी सतरंजीवर विरघळलो.

"आता एक हात पोटावर ठेवा," बाई म्हणाल्या. आम्ही ठेवला. साडूंना पुरा पडेना, त्यांनी दोन्ही ठेवले. "आत तो इवलासा जीव तुमचा आवाज ऐकतोय. त्याला सांगा, बाळा, आम्ही सगळे तुझी वाट पाहतोय."

अण्णांनी एक डोळा उघडला. साडूंनी पोटावरचे हात हळूच काढून घेतले. सासूबाईंनी मात्र स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे त्यांची लेक पोटावर हात ठेवून उभी होती.

"अगं बाई!" सासूबाई म्हणाल्या. "म्हणून चहा नको झाला होय! आणि म्हणून हॉल रिकामा केलात! पाळण्यासाठी!"

"कसला पाळणा?" बायको म्हणाली.

"लपवू नकोस आता. किती छान रीतीने सांगितलंत गं! मशीनकडून!" असं म्हणत त्यांनी लगेच थोरलीला फोन लावलासुद्धा. "अगं, तू पुन्हा मावशी होणार!"

कन्या आतून धावत आली. "आई? या वयात?"

मी सतरंजीवरून बायकोकडे पाहिलं. आता मला सगळा उलगडा झाला. (म्हणजे तसं वाटलं.) तिला मला सांगायचा धीर होत नव्हता, म्हणून बिचारीने ही योजना केली असणार. मूल कॉलेजात जाईल तेव्हा मी पेन्शनच्या रांगेत असेन, हे क्षणभर डोळ्यांपुढून गेलं, पण मी मन घट्ट केलं. उठलो. तिचा हात हातात घेतला.

"घाबरू नकोस. आपण निभावून नेऊ."

"काय निभावून नेऊ?"

"मला आधी सांगायचंस तरी."

"काय सांगायचं? तुमची उसळ कच्ची होती हे? सांगितलं की रात्रीच!"

तेवढ्यात दाराची बेल वाजली. कन्येने उघडलं. दारात वरच्या मजल्यावरची चित्रकार मुलगी उभी. बगलेत गुंडाळलेली चटई, हातात फोन. आत अण्णा आणि साडू अजून आडवे होते आणि स्पीकरमधून बाई लांब श्वास सोडत होत्या.

"काका," ती संकोचून म्हणाली, "माझा क्लास तुमच्याकडे चालू आहे का? फोनवर दिसतंय, हॉलमध्ये वाजतंय. पण आमच्या हॉलमध्ये काहीच नाही."

कन्येने माझ्या खिशातून फोन काढला, पाहिला आणि कपाळाला हात लावला. "बाबा! तुम्ही स्ट्रीमर वरच्या ताईच्या वायफायला जोडलाय! आपलं नेट बंद होतं तेव्हा तिने पासवर्ड दिला होता. आणि तिच्याही स्पीकरचं नाव हॉलच आहे! तिने हॉल दाबलं, ते आपल्याकडे वाजलं!"

"म्हणजे कॅलिब्रेशन…" साडू सतरंजीवरून म्हणाले.

"म्हणजे हा क्लास तुझा?" सासूबाईंनी त्या मुलीला विचारलं. "म्हणजे तुला…?"

ती लाजली. मग हसली. मग एकदम तिचे डोळे भरून आले. "अजून कुणालाच सांगितलं नव्हतं, आजी. माझी आई लांब असते. इथे एकटीनेच ऐकायचे मी रोज."

सासूबाई गुडघे विसरून उठल्या आणि लेकीसाठी निघालेली मिठी त्यांनी तिला मारली. थोरलीला परत फोन केला. "अगं, मावशी होणारच आहेस. फक्त मजला बदललाय."

क्लास अर्धा राहिला होता. तो इथेच पुरा करायचा असा अण्णांनी निर्णय दिला. "एवढा स्वच्छ आवाज वर तिला मिळायचा नाही." बायकोने उशा आणल्या. मुलगी मध्ये, आम्ही सगळे भोवती. आम्ही सर्वांनी मिळून त्या बाळाला वाट पाहतोय म्हणून सांगितलं. साडूंनी जरा जास्तच प्रेमाने. क्लास संपला तेव्हा कुणाला उठावंसंच वाटेना. कन्येने डबी आमच्या वायफायला जोडली, राउटर दारापाशी आणून ठेवला आणि सतार पुन्हा सुरू केली.

काय वाजत होतं म्हणून सांगू! संध्याकाळचं ऊन सतरंजीवर आलं होतं. सासूबाई त्या मुलीच्या केसांतून हात फिरवत होत्या. शेजारी अण्णा, मिटल्या डोळ्यांनी ऐकत. मला वाटलं, सिस्टिम राहो की जावो, आपलं बरं चाललंय. आणि मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा हॉल रिकामा होता आणि बायको कप गोळा करत होती.

"गेले सगळे? अण्णा काय म्हणाले?" मी दचकून उठलो.

"आवाज उत्तम आहे म्हणाले. फक्त मध्येच कुठून तरी जाड घरघर यायला लागली. त्यांनी आवाज कमी केला, तरी येतेच. भावोजींनी दोन्ही वायरी बदलल्या, तरी येतेच. म्हणाले, या डबीच्या वरचीच घ्यायला हवी होती. मग तर सिस्टिम अख्खी बंद केली."

"आणि?"

"तरी येतेच. शेवटी अण्णा कान लावत लावत हॉलभर फिरले आणि तुमच्या नाकापाशी येऊन थांबले."

मी नाक चाचपलं.

"सिस्टिम इथेच राहू दे म्हणाले. दोष फक्त एका भागात आहे, पण त्याची वॉरंटी कधीच संपली."