पातेल्याखालची भिशी

लिलाव कशाला म्हणतात हे अख्ख्या शहाद्यात एकाच माणसाला कळतं, असं महावीर सरांचं ठाम मत होतं. आणि तो माणूस त्यांना रोज दाढी करताना आरशात भेटायचा! लोणखेड्याच्या कॉलेजात वाणिज्य शिकवून त्यांना अठरा वर्षं झाली होती.

गल्लीतली भिशी दहा जणांची. प्रत्येकी पाच हजार, म्हणजे महिन्याला पन्नास. जो जास्तीत जास्त रक्कम सोडेल त्याने भिशी उचलायची, आणि सोडलेले पैसे दहाही जणांनी वाटून घ्यायचे. या श्रावणात सरांना ती हवीच होती. लेकीला, जिनलला, जुनी स्कूटी कबूल केली होती. किंमत पंचेचाळीस हजार. तेव्हा पाच हजारांपर्यंत सोडायला हरकत नव्हती.

"तीनशे वर्षांपूर्वी लंडनला इंचभर मेणबत्ती पेटवून जहाजं विकायचे!" सरांनी जाहीर केलं. "ती विझण्याआधीची शेवटची बोली खरी. आरडाओरडा नाही, भांडण नाही! या वेळी आपली भिशीही तशीच!"

एक गोष्ट मात्र ते बोलले नाहीत. विझण्याआधी धूर खाली वळतो, हे त्यांनी गच्चीवर एकवीस मेणबत्त्या जाळून पाहून ठेवलं होतं. धूर वळला की 'पाच हजार' म्हणायचं, खेळ खलास!

संध्याकाळी मंडळी सरांच्या घरी जमली. ट्यूब बंद, पंखा बंद, मेणबत्ती चालू.

"दो हजार," शिवणकाम करणाऱ्या गुलशनआपा म्हणाल्या.

"अडीच!" किराणावाले मोतीलाल म्हणाले.

सर गालातल्या गालात हसत धुराकडे बघत होते. तेवढ्यात ज्योतीवर पावसाळी पाखरांची झुंबड उडाली आणि सरांच्या पत्नी सोहनबाई किंचाळल्या, "अहो, चातुर्मास शे! जीव मरी ऱ्हायनात!" आणि त्यांनी मेणबत्तीवर पातेलंच उपडं घातलं.

"विझी गई!"

"नही, खाली जळी ऱ्हायनी!"

"उचला मग!"

"खबरदार! पाखरं जाऊ द्या पहिले!" सोहनबाई पातेल्यावर हात ठेवून बसल्या.

आता धूर दिसणार कुठून? "तीन!" ते ओरडले. गुलशनआपा चारवर गेल्या. सर पाच. मोतीलाल सात! स्कूटी, जिनल, हिशोब, सगळं सरांच्या डोक्यातून उडालं. अठरा वर्षांची अब्रू पणाला लागली होती! "वीस हजार!" ते गरजले.

पाखरं पांगली. पातेलं उचललं. मेणबत्ती जवळजवळ अख्खी, आणि थंडगार!

सरांचा जीव भांड्यात पडला. "झाकल्याबरोबर विझली! अडीच हजार शेवटची बोली. मोतीलालभाऊ, भिशी तुमची! अभिनंदन!"

"कोनी देखं?" मोतीलाल शांतपणे म्हणाले. वीस हजार भागिले दहा, त्यांचं केव्हाच करून झालं होतं.

"सर, आपकी बोली तक तो जल रही थी," गुलशनआपा म्हणाल्या.

मत घेतलं. मेणबत्ती जळत होती म्हणणारे नऊ हात वर. त्यातला एक ओळखीच्या बांगड्यांचा!

"तूसुद्धा?"

"मी बी मेंबर शे ना!" सोहनबाई म्हणाल्या.

दारातून जिनलने विचारलं, "पप्पा, तीस हजारांत स्कूटी येते?"

"येते बेटा," सर खाली बघत म्हणाले, "फक्त ढकलत आणावी लागते."