मंगळवारचा उंदीर

भूषणच्या हातमागावरील ताण्याचा, म्हणजे उभा, धागा त्या शुक्रवारी पुन्हा तुटलेला आढळला, तेव्हा त्या गृहातील शांततेचा सर्वस्वी भंग झाला.

आंधळगावात कोशाच्या रेशमी साड्या विणणारे पुष्कळ आहेत. परंतु भूषणसारखा विणकर विरळा. तो स्वमग्न असल्याचे डॉक्टरांनी बालपणीच लिहून दिले होते. वरातीचा बँड त्यास सोसत नसे, कोणाच्या डोळ्यांत पाहून बोलणे जमत नसे आणि असत्य तर त्याच्या जिभेस ठाऊकच नव्हते. धागा तुटला असता इतर विणकर गाठ मारून पुढे जातात. भूषण वीतभर विणकाम उसवून पुनश्च आरंभ करीत असे. या वेळी मागावर असलेली साडी ही कापडाचे व्यापारी श्यामराव यांच्या थोरल्या कन्येच्या विवाहाची होती. विवाहास तीन आठवडे उरले होते. काम कुठवर आले, हे पाहण्यास श्यामराव आपली धाकटी कन्या हर्षा हिला दर मंगळवारी व शुक्रवारी चार वाजता पाठवीत असत.

"उंदीर घुसला घरात," भूषणच्या आई दुर्गाबाई म्हणाल्या.

"घरात उंदीर नाही, माय."

"मग काय हवेनं तुटला?"

"हवेनं नाही तुटला."

या उत्तराचा काहीच बोध न झाल्याने दुर्गाबाईंनी पिंजरा लावून त्यात भजे ठेवले. भजे मुंग्यांनी नेले आणि मंगळवारी धागा तुटला. मग शेजारच्या मंदाबाईंची मांजर आणण्यात आली. तिने सुताच्या टोपलीसच शयनगृह मानले. गुंता सोडवण्यात दोन दिवस खर्ची पडले. शुक्रवारी पुन्हा धागा तुटला.

"उंदीर नाही म्हणून राहिलो ना मी," भूषण म्हणाला.

"तू चूप राय. तुले काय समजते."

पुढील मंगळवारी वडील सेवकराम स्वतः काठी घेऊन मागाजवळ बसले; शेजारच्या स्टुलावर नेहमीप्रमाणे एक लहान कैची होती. चारला हर्षा आली. "काका, आज चहा नाही का?" असे तिने विचारताच ते सांगण्यास आत गेले. परतले, तो धागा तुटलेला.

"माह्या डोळ्यांदेखत तुटला," ते सर्वांना सांगू लागले. वस्तुतः त्यांचे डोळे त्या समयी स्वयंपाकघरात होते.

शुक्रवारी हर्षाच्या सोबतीने खुद्द श्यामराव आले.

"सेवकरामजी, सात दिवस राहिले. जमत नसन तर सांगा, तयार साडी घेऊन टाकतो. पण मग माह्यं काम पुन्हा या मागावर लागणार नाही."

"उंदरानं परेशान केलं हो."

"एक उंदीर सापडत नाही तुम्हाले?" श्यामराव भूषणकडे वळले. "तूच सांग बाबू, धागा कोण तोडते?"

"हर्षा," भूषण म्हणाला.

हर्षाचा चेहरा साडीच्या काठासारखा लाल झाला. सेवकरामांच्या हातातील काठी गळून पडली.

"तुले माहीत होतं?" दुर्गाबाईंनी विचारले.

"दुसऱ्या वेळेपासून. टोक कैचीनं कापलं होतं. उंदीर कुरतडते."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही उंदराचंच विचारलं. उंदीर नाही, हे मी सांगितलं."

"अन् ते लहान कैची स्टुलावर कोण ठेवत होतं?"

"मीच. मोठ्या कैचीनं बाजूचे धागेही कापले गेले असते."

हर्षाने प्रथमच मान वर करून भूषणकडे पाहिले. मग ती वडिलांना म्हणाली, "साडी झाली असती, तर मले इथं यायले काय कारण राहिलं असतं, बाबा?"

कोणावर रागवावे, हे श्यामरावांस उमगेना. तिला पाठवणारे तर तेच होते. त्यांनी दोन पेले पाणी प्राशन केले.

"भूषण, हे पोरगी रोज इथंच राहिली, तर तुले चालन?"

भूषणने मागाकडे पाहत विचार केला. "मंगळवार-शुक्रवार चालते. बाकीचे दिवसही चालतील."

"मग ही साडी सहा दिवसांत दे. अन् लगेच दुसरी लाव. रंग हिलेच विचार."

"दुसरी कोणाच्या लग्नाची?" सेवकरामांनी विचारले. दुर्गाबाई त्यांना हाताला धरून आत घेऊन गेल्या.

थोरलीचा विवाह यथासांग पार पडला. मागावर दुसरी साडी चढली. पहिल्याच मंगळवारी, चारला दहा मिनिटे असताना, भूषणने लहान कैची स्टुलावर ठेवली. हर्षा आली, बसली, चहा प्याली. साडेचारला त्याने ताणा तपासला. सर्व धागे शाबूत होते. त्याने पुन्हा तपासला आणि तो पुरता गोंधळला.

"आज तोडला नाही?"

"हे साडी लवकर होऊ द्या," हर्षा म्हणाली.

भूषणने किंचित काळ विचार केला. मग कैची उचलून डब्यात ठेवली.