टीव्हीचं नेट तोडलं तेव्हा

देवाजींनी टीव्हीचं इंटरनेट तोडलं, त्याला कारण मिरची. "यंदाची भिवापुरी पोटाले झोंबून राहिली वं," असं ते जेवताना बायकोला म्हणाले, आणि हात धुऊन येतात तो टीव्हीवर ॲसिडिटीच्या गोळ्यांची जाहिरात!

"हा डबा आपलं बोलणं ऐकून राहिला," देवाजी कुजबुजले.

"ऐकू द्या ना," बायजाबाई म्हणाल्या. "तुमचं ऐकणारं कोणी तरी भेटलं घरात."

देवाजींना ते पटलं नाही. घरातलं बोलणं घरातच राहावं, एवढीच त्यांची मागणी होती. त्यांनी वायफायचा पासवर्ड बदलला, नवा टीव्हीला दिला नाही, आणि निश्चिंत झाले.

टीव्ही मात्र व्यवहारी निघाला. मागे एकदा नेट बंद पडलं, तेव्हा शेजारच्या करिष्मानं बायजाबाईंच्या मालिकेसाठी आपल्या घरचा पासवर्ड त्यात टाकून दिला होता. घरचं दार बंद होताच टीव्ही गुपचूप शेजारी जाऊन बसला.

रविवारी दुपारी पडद्यावर अचानक जितेंद्र उगवला. करिष्माचा नवरा, बेसा भागातल्या त्यांच्याच सोसायटीचा सेक्रेटरी. स्कूटर आडवी लावली म्हणून तो देवाजींना चारचौघांत बोलला होता, तेव्हापासून दोघांत अबोला. तोच माणूस आता हाफपँटवर, कमरेला ओढणी बांधून नाचत होता.

"पोरीच्या लग्नात असे नाचसान तं वरात वापस जाईन!" व्हिडिओत करिष्मा हसत होती.

भिंतीपलीकडून खराखुरा जितेंद्र ओरडला, "आपल्या टीव्हीवर काहून नाही लागून राहिला गं हा?" दोन्ही टीव्ही एकाच कंपनीचे, आता नेटही एकच; मोबाइलवरचा व्हिडिओ टीव्हीवर पाठवताना तो भलत्याच टीव्हीचं नाव दाबत होता. त्यानं पुन्हा दाबलं. देवाजींकडे नाच पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

"बंद करा ना," बायजाबाई म्हणाल्या.

"करतो," म्हणत देवाजी रिमोट धरून पाहत राहिले. जितेंद्र गिरकी घेताना आपटला. उठला, घाम पुसला, पुन्हा आपटला, पुन्हा उठला. एवढा कडक माणूस लेकीसाठी इतका धडपडतो, हे देवाजींना ठाऊकच नव्हतं. व्हिडिओ संपला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मग एकदम शरम वाटली.

"मी तं या डब्यापेक्षाही बेकार निघालो वं," ते म्हणाले, आणि शेजारची बेल वाजवायला निघाले. बायजाबाईही मागोमाग गेल्या.

दार जितेंद्रनंच उघडलं.

"माझा टीव्ही तुझ्या नेटवर येऊन राहिला गा," देवाजी खाली पाहत म्हणाले. "पासवर्ड बदलून घे."

जितेंद्रचा चेहरा पांढरा पडला. "काकाजी... काही दिसलं काय?"

"नाही गा. काहीच नाही."

"डावा पाय आधी टाकत जा," मागून बायजाबाई बोलल्या. "मंग गिरकीत पडणार नाही तू."

जितेंद्रनं नकळत डावा पाय पुढे टाकून पाहिला. मग दारातून बाजूला सरत हळूच म्हणाला, "काकू, आत येऊन दाखवता काय?"